चित्राचा हिशेब कोण शिकवणार? बडोद्यातल्या मराठी संस्थांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य,
बडोद्यातील सर्व मराठी संस्था, महिला मंडळं आणि गणेशोत्सव मंडळं

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात राहणारी स्वतंत्र चित्रकार. पुस्तकांची चित्रं, भिंतीवरची कामं, पोर्ट्रेट, सणासुदीची सजावट यांवर माझं घर चालतं. आपल्यापैकी अनेकांशी माझा कामानिमित्त संबंध आला आहे. कुणाच्या निमंत्रणपत्रिकेवर माझं चित्र आहे, तर कुणाच्या मखरामागचा पडदा मी रंगवलाय. त्यामुळे हे पत्र परक्या माणसाचं समजू नये.

मागणी आधीच सांगते. तुमच्या सभासद यादीत निवृत्त बँक अधिकारी आहेत, सीए आहेत, वकील आहेत, विमा कंपनीत जन्म घालवलेली माणसं आहेत. आणि याच सभासदांची मुलं-मुली, नातवंडं चित्रकला, शिल्पकला, फोटोग्राफी, डिझाइन शिकून घरातल्या एका खोलीतून ऑर्डरी घेतायत. या दोघांना तुमच्या सभागृहात समोरासमोर बसवा. स्वतःच्या जिवावर काम करणाऱ्या कलाकारांसाठी व्यवहाराचा वर्ग सुरू करा, आणि तो जूनमध्ये करा, गणपतीच्या ऑर्डरी यायच्या आत.

संस्थेने कलाकाराचा सत्कार करावा, प्रदर्शन भरवावं, बक्षीस द्यावं, इतकंच आजवर आपण संस्थांकडून अपेक्षिलं. ते चांगलंच आहे. पण मी आजूबाजूला जी मुलं पाहते, ती कौतुक कमी पडलं म्हणून चित्रं सोडत नाहीत. भाव सांगता येत नाही, बिल वसूल होत नाही, चार वर्षं राबूनही हाती काही उरत नाही, म्हणून सोडतात. मग तिशीच्या आसपास कुठल्या तरी शोरूममध्ये नोकरी धरतात आणि ब्रश माळ्यावर जातात. हाताला जमत होतं, अशी मुलं. त्यांचं मला फार वाईट वाटतं.

बडोद्यात तरी हे व्हायला नको. याच गावात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन ही हुन्नरशाळा उभी राहिली. तिथे चित्रकलेच्या शेजारीच कापड रंगवणं, सुतारकाम, यंत्रकाम शिकवलं जाई, कारण शिकलेल्या मुलाने स्वतःच्या हुन्नरावर उभं राहावं हा हेतू होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. त्याच महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन केली, आणि आपल्या कितीतरी घरांतल्या दोन-दोन पिढ्यांनी बँकेत नोकरी केली. पुढे १९५० मध्ये विद्यापीठाची ललित कला शाखा सुरू झाली आणि बडोद्याचं नाव चित्रांसाठी देशाबाहेर गेलं. म्हणजे चित्र जाणणारे आणि पैसा जाणणारे, दोघं एका गावात, पुष्कळदा एकाच वाड्यात राहतायत. मामा बँकेत मॅनेजर आणि भाची चित्रकार, अशी घरं दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात मी स्वतः पाहिली आहेत. लग्नकार्यात एका पंगतीला बसतात, पण भाची मामाला कधी विचारत नाही की कोटेशन कसं लिहू, आणि मामालाही वाटत नाही की हे आपण सांगायला हवं.

राजा रविवर्म्यांचं उदाहरण बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. १८८८ मध्ये महाराजांनी त्यांना रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर १४ चित्रं करायला सांगितली. चित्रांचे छाप काढून ते लोकांपर्यंत न्यावेत, हे बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांनी त्यांना सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरादेवघरांत पोचल्या. पण छापखाना कर्जात गेला आणि शेवटी तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रं अव्वल होती, छाप काढायची कल्पना अव्वल होती, पण छापखाना चालवणं हे तिसरंच काम होतं. त्या दर्जाच्या माणसालाही ते अवघड गेलं, तर बाविशीच्या मुलाला ते आपोआप जमेल असं आपण कशाच्या आधारावर धरून चालतो?

आता नेमकं काय शिकवायचं ते लिहिते. पहिला आणि सगळ्यात मोठा विषय भाव ठरवणं. यावर वर्गाचे निम्मे तास गेले तरी चालतील.

समजा एका मुलाला कॅफेची भिंत रंगवायचं काम आलं. भिंत १० बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. तो बाजारात विचारतो, कुणी सांगतं दीडशे रुपये फूट, हा लगेच १८,००० सांगून मोकळा होतो. रक्कम मोठी वाटते. पण वही काढून बसलं की वेगळं दिसतं. प्रायमर, रंग, वॉर्निश यांचे ४,५००. परांचीचं भाडं १,५००. हाताखालच्या मुलाचे चार दिवसांचे २,४००. येण्याजाण्याचे ६००. झाले ९,००० खर्च, उरले ९,०००. दिवस किती गेले? भिंत बघून मालकाशी बोलण्यात एक, स्केचमध्ये दोन, प्रत्यक्ष रंगवण्यात पाच, शेवटच्या डागडुजीत एक. नऊ दिवसांचे ९,०००, दिवसाचे हजार.

हजारसुद्धा वाईट नाहीत असं वाटेल. पण महिन्याचे सगळे दिवस विकले जात नाहीत, ही गोष्ट कुणी सांगतच नाही. भेटीगाठी, फोन, रंग आणायला मंगळ बाजारात जाणं, उधारीच्या मागे फिरणं, आजारपण, आणि नवं काही शिकण्यासाठी स्वतःचं चित्र काढणं, यात निम्म्याहून जास्त महिना जातो. पैसे मिळवून देणारे दिवस बारा धरले तर मिळकत १२,०००. आता उलटा हिशेब करू. घरखर्च २५,०००, खोलीचं भाडं ५,०००, फोन-प्रवास-किरकोळ ३,०००, विमा आणि शिल्लक ५,०००. महिन्याची गरज ३८,०००. भागिले बारा, म्हणजे दिवसाला जवळपास ३,१७०. नऊ दिवसांचे साधारण २८,५००, त्यात ९,००० खर्च मिळवला की भिंत ३७,५०० ची झाली. फुटाला ३१० रुपयांच्या वर. दीडशे आणि तीनशे दहा यांच्यामधल्या फरकातच त्या मुलाचं पुढचं आयुष्य ठरतं.

हे आकडे प्रत्येकाचे निराळे असतील. आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या मुलीची गरज कमी असेल, दोन मुलं शाळेत असलेल्याची जास्त. बाजार एका दमात दुप्पट भाव देईल असंही नाही. पण आपला खरा आकडा माहीत असला की माणूस ठरवू तरी शकतो: हे काम ओळखीसाठी कमी पैशांत घ्यायचं, ते नाकारायचं, आणि तिसऱ्यात भिंत छोटी करून भाव टिकवायचा. तुमच्यातल्या कुणाही निवृत्त बँकवाल्याला हा हिशेब डाव्या हाताचा मळ आहे. मुलांना तो कुणी एकदा शेजारी बसून करून दाखवला पाहिजे.

दुसरा विषय कागदाचा. माझ्या ओळखीच्या एका मुलीने एका संस्थेसाठी गणपतीचं चित्र केलं, निमंत्रणपत्रिकेवर छापायला. ठरलेले पैसे मिळाले. पुढच्या वर्षी तेच चित्र टी-शर्टांवर आणि मगांवर आलं, विक्रीला. खाली तिचं नाव नव्हतं. ती रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, चित्र माझं आहे ना?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की कलाकृतीचा पहिला हक्क ती करणाऱ्याचा. पण त्याच कलमात अपवाद आहे: कुणी पैसे देऊन फोटो, रंगचित्र किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर हक्क करून घेणाऱ्याचा. तिच्याकडे एका ओळीचाही करार नव्हता. टी-शर्ट थांबवायचा तिला मार्गच उरला नव्हता. नावाचं मात्र निराळं आहे. हक्क दुसऱ्याकडे गेला तरी चित्र आपलं आहे असं सांगण्याचा कलाकाराचा अधिकार ५७ व्या कलमाने राहतो. त्या आधारावर तिने नम्र पत्र लिहिलं आणि पुढच्या छपाईत नाव आलं. सुरुवातीलाच 'हे चित्र फक्त या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेसाठी, बाकी सर्व हक्क चित्रकाराचे' एवढं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या असत्या तर मगांचे पैसेही तिला मागता आले असते.

असंच आणखी एक. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशापुरता ते लिहिलं नाही तर संपूर्ण भारत धरतो. हे जाणणारे वकील आपल्यात आहेत. त्यांनी एका संध्याकाळी मुलांसमोर बसून कराराचा एक साधा नमुना मराठीत तयार करून दिला, तर ते उपकार किती वर्षं पुरतील!

करार म्हणजे दहा पानी कागद लागत नाही. माझं कोटेशन एका पानाचं असतं. काम काय, माप काय, कधी देणार, बदल किती वेळा करून देणार (मी दोनदा करते, तिसऱ्यापासून पैसे घेते), वापर कुठे आणि किती काळ, निम्मी रक्कम आधी, उरलेली काम ताब्यात देताना. खाली दोघांच्या सह्या. हे पान पुढे केलं की गिऱ्हाईक दुखावतं, ही भीती मुलांच्या मनात घट्ट बसलीय. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला खरंच काम हवंय तो पान वाचतो, एखादी ओळ बदलायला सांगतो आणि सही करतो. बरेचसे गैरसमज तिथेच मिटतात.

वसुलीचं तेच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते आणि एकट्याने काम करणाऱ्यालाही करता येते. ती कामाच्या आधी केलेली असेल तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे बिलाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होतं. कुणी लगेच दावा लावायला जावं असं मी म्हणत नाही. पण बिलाच्या खाली उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापलेली असली की कंपन्यांच्या अकाउंट्स विभागातले फोन लवकर उचलले जातात.

कराबद्दल थोडक्यात. जीएसटीचं नाव काढलं की मुलं घाबरतात, आणि भीतीपोटी बिलच देत नाहीत. गुजरातेत सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर आणि फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांवर गेल्यावर नोंदणी लागते. बहुतेकांना अजून तिथवर पोचायचंय. याउलट कंपनीने बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला, तर आयकराचं रिटर्न न भरल्यास तो पैसा सरकारकडेच पडून राहतो. शिवाय रिटर्न नसलं की पुढे घराचं कर्ज मागताना बँक दारातून परत पाठवते. हे आपल्यातल्या बँकवाल्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, त्यांनी टेबलाच्या त्या बाजूला बसून असे अर्ज फिरवलेत. आता या बाजूला येऊन सांगावं की काय काय असलं तर अर्ज फिरवावा लागला नसता.

एक शंका मला दरवेळी ऐकायला मिळते: पैशाचं डोक्यात शिरलं की चित्र बिघडतं. बडोद्याने तरी हे म्हणू नये. इथले नामवंत चित्रकार भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६२ मध्ये ते इथे आले आणि पुढे अनेक वर्षं हिशेबनिसाचं अर्धवेळ काम करत चित्रं काढत राहिले. चित्र विकलं गेलंच पाहिजे असा तगादा मागे नव्हता, म्हणून त्यांना मनाला येईल ते रंगवता आलं, असं मी समजते. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. म्हणून वर्गात हेही स्पष्ट सांगितलं जावं की सगळ्यांनीच पूर्णवेळ स्वतंत्र व्हायला हवं असं नाही. अर्धा दिवस शाळेत चित्रकला शिकवून उरलेला वेळ स्वतःचं काम करणं हाही सन्मानाचा मार्ग आहे. निर्णय हिशेब मांडून व्हावा, कंटाळून नको.

आता थोडं तुमच्याबद्दल. आपल्या संस्था आणि मंडळं हीसुद्धा आमची गिऱ्हाइकं आहेत. फोन येतो, "ताई, आपलाच कार्यक्रम आहे, पैशाचं काय ते नंतर बघू." मंडपवाल्याला कुणी असं म्हणत नाही. साउंडवाल्याला, केटररला अ‍ॅडव्हान्स जातो, कारण त्याशिवाय गाडी येत नाही. चित्रकाराला शेवटी शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात किती, ते घरी जाऊन उघडल्यावर कळतं. मी या सन्मानाचा अनादर करत नाही. माझ्या आईने अशी एक शाल अजून जपून ठेवलीय. पण ज्या मुलाने तुमच्या पडद्यासाठी पदरचे सहा हजारांचे रंग आणले, त्याला ते सहा हजार आधी मिळाले पाहिजेत. कार्यकारिणीच्या सभेत एक ठराव करा: कलाकाराला काम देताना लेखी ऑर्डर, निम्मी रक्कम आगाऊ, चित्राखाली नाव, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा वापरायचं असेल तर पुन्हा विचारणं. खर्च फारसा वाढणार नाही, आणि मुलांना पहिलं व्यवस्थित गिऱ्हाईक घरातच मिळेल.

वर्ग कसा व्हावा हे मी मनाशी ठरवून ठेवलंय, तुम्ही बदलू शकता. शनिवारी संध्याकाळी दोन तास, सलग सहा शनिवार. पंधरा-वीस जणांहून जास्त नकोत. भाषणं नकोत. प्रत्येकाने आपलं एक खरं काम घेऊन यावं, झालेलं किंवा चाललेलं, आणि त्याचाच हिशेब, त्याचंच कोटेशन, त्याचंच बिल तिथे बसून तयार करावं. शिकवणाऱ्यांत एक बँकेतले, एक सीए, एक वकील, आणि आमच्यापैकी दोघं जे दहा वर्षांहून जास्त काळ यावर जगतायत. फी ठेवा, थोडी का होईना. फुकट वर्गाला तिसऱ्या शनिवारी कुणी येत नाही. गुजराती, हिंदी बोलणारी मुलं आली तर त्यांनाही घ्या. दिवाळीला आपल्या शेजाऱ्यांच्या दुकानांत चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा, होतं ते आपण लहानपणापासून बघतोय, त्यांच्याकडून कुणी शिकवायला आलं तर आनंदच आहे.

२०१८ मध्ये याच गावाने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं होतं. त्या मानाने सहा शनिवार आणि वीस खुर्च्या फार नाहीत.

ज्या संस्थेला हे करावंसं वाटेल तिच्या कार्यवाहांनी मला निरोप द्यावा. भाव ठरवण्याचा आणि कोटेशनचा असे दोन शनिवार मी घेईन. माझी गेल्या काही वर्षांची बिलं, फिसकटलेली कामं आणि थकलेल्या रकमांची यादी असलेली फाइल सोबत आणीन, नावं झाकून. मुलांनी ती हाताळावी, प्रश्न विचारावेत. मे महिन्याच्या सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

आपली,
बडोद्यातली एक स्वतंत्र चित्रकार